फुटाला एक सूत

कोल्हापूरला जाणाऱ्याचा कार्यक्रम बहुतेक ठरलेला असतो. सकाळी अंबाबाई, मग मिसळ, दुपारी न्यू पॅलेस, संध्याकाळी रंकाळा आणि परतीच्या पिशवीत गूळ, चटणी, चपला. मी यातली फक्त मिसळ केली. मला चाकं बघायची होती. लाकडी चाकं, बैलगाडीची आणि टांग्याची. मित्राच्या सासुरवाडीच्या ओळखीतून एका सुतार घराण्याचा पत्ता मिळाला होता. पाच पिढ्यांचा धंदा. “सोमवारीच जा आणि सकाळी लवकर जा,” एवढीच सूचना होती. सोमवारच का, हे तिथं गेल्यावर कळलं.

स्टेशनातून बाहेर पडलं की शाहूपुरी लागते. मिरजेहून रेल्वे इथं आली १८९१ साली आणि शाहूपुरीची पेठ वसली १८९५ साली. रेल्वे आली म्हणून बैलगाड्या कमी झाल्या असतील, असं आपल्याला उगाच वाटतं. झालं उलटंच. गूळ आगगाडीनं मुंबईपर्यंत जायचा, पण गुऱ्हाळापासून पेठेपर्यंत आणि पेठेपासून स्टेशनपर्यंत तो न्यायचा कुणी? बैलांनी. उतारूंना स्टेशनातून गावात आणायचं कुणी? टांग्यांनी. इंजिनानं निदान पन्नास-साठ वर्षं तरी लाकडी चाकाचं पोट भरलं. रिक्षावाल्याला मी हे सगळं सांगत बसलो होतो. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “चाकाचं काय बघायचं हो त्यात? टायर पाहिजे आसंल तर सांगा, लक्ष्मीपुरीत मिळतोय.”

गंगावेशीच्या अलीकडे उतरलो. इथं म्हशी आणून गिऱ्हाइकासमोर धार काढून दूध देतात, ते एक पेलाभर प्यायलो आणि बोळात शिरलो.

घर बाहेरून कुणाचंही असावं तसं. पत्र्याची शेड, बाजूला चार खणी घर, मध्ये अंगण. अंगणात जमिनीबरोबर बसवलेला एक मोठा गोल दगड, त्याच्या मधोमध वीतभर भोक. त्या दगडावर एक स्कूटर उभी होती. अण्णा शेडच्या उंबऱ्यावर बसले होते. वय पंच्याहत्तरच्या पुढे, डोक्याला टोपी, हातात लाकूड तासायचा वाकस. “कुठनं आलासा?” विचारलं आणि उत्तराची वाट न बघता आत हाक दिली, “पावनं आल्यात, च्या टाका.” मग नातवाला म्हणाले, “गाडी काढ रं दगडावरनं. आज धाव हाय.”

माझं नशीब म्हणायचं. कुणा फार्महाऊसवाल्यानं दारात ठेवायला चाकांची जोडी मागवली होती आणि त्या दिवशी त्यांना लोखंडी धाव, म्हणजे चाकाच्या कडेवरची गोल पट्टी, चढणार होती.

तयार चाकं भिंतीला टेकवून ठेवलेली. मी पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होतो. मध्ये बाभळीच्या बुंध्याचा तुंबा, त्यात बारा आरे, बाहेर घेराचे सहा लाकडी तुकडे, त्यांना पुठ्ठे म्हणतात, म्हणजे एका पुठ्ठ्याला दोन आरे. तुंब्याच्या पोटात आखासाठी लोखंडी नळी, म्हणजे आवण. बाकी कुठं खिळा नाही, सरस नाही. प्रत्येक आऱ्याचं कुसू, म्हणजे तासलेलं टोक, तुंब्याच्या भोकात ठोकून बसवलेलं आणि दुसरं टोक पुठ्ठ्यात. दोन पुठ्ठ्यांच्या सांध्यात मात्र नखभर फट होती. सांधा नीट जुळला नाही काय, असं मी विचारलं. अण्णा हसले. “ऱ्हाऊ दे की तशीच. दुपारी बघा.”

लाकूड बाभळीचंच का? तर ती चिवट. दगडावर आपटली तरी फुटत नाही, आणि पूर्वी कुणाच्याही बांधावर मिळायची. पण ओल्या बाभळीचं चाक केलं तर उन्हाळ्यात आरे खुळखुळतात. म्हणून ओंडके आधी पाण्यात बुडवून ठेवायचे, मग सावलीत वाळवायचे. आजोबांच्या काळी ओंडके नदीकाठी डोहात असत. २०१९ च्या महापुरात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर पंचावन्न फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी त्रेचाळीस. शेडमध्ये छातीइतकं पाणी होतं आणि वाळवून ठेवलेलं सगळं लाकूड पुन्हा भिजलं, काही वाहून गेलं. “आमच्या आज्याला लाकूड घेऊन नदीवर जावं लागायचं. आमच्याकडं नदीच आली,” अण्णा म्हणाले. घरातल्या बायका मात्र या विनोदाला हसल्या नाहीत. चिखल त्यांनी काढला होता.

पणजोबा पन्हाळ्याच्या बाजूच्या एका खेड्यातले बलुतेदार. गाडी, नांगर, कुळव, पाळणा, तिरडी, जे लाकडाचं ते सुताराचं, आणि मोबदला खळ्यावर धान्यात. सुगी बरी झाली तर बरं, नाहीतर पुढच्या वर्षी बघू. रेल्वे आल्यावर ते कोल्हापुरात आले, कारण टांगेवाला रोख पैसे द्यायचा. बलुतेदारीबद्दल गळे काढून लिहिणाऱ्यांनी हा भाग वाचावा. या घरात बलुतेदारीची हळहळ कुणालाच नाही. पुढे राजर्षी शाहूंनी संस्थानात बलुतेदारीच बंद केली. त्याआधीच आपण सुटलो होतो, हे अण्णा अभिमानानं सांगतात.

शाहू महाराजांचं नाव निघालं की कोल्हापुरात खडखडा निघतोच. महाराजांची ती दणकट घोडागाडी. लोखंडी धावांची चाकं दगडी रस्त्यावरून गेली की जो आवाज व्हायचा, तो ज्यानं टांग्याचा काळ पाहिलाय त्याला सांगायला नको. दलित समाजातले गंगाराम कांबळे महाराजांच्या पागेत नोकरीला होते. पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी त्यांना भाऊसिंगजी रोडला चहाचं दुकान काढून दिलं, ‘सत्यसुधारक’ नावाचं. आणि नुसतं काढून देऊन थांबले नाहीत, दुकानासमोर गाडी थांबवून सगळ्यांदेखत तिथला चहा घेत. अण्णांच्या घराण्यानं ती चाकं केली का, असं मी विचारलं. हो म्हणाले असते तर मी काय पडताळणार होतो? पण ते म्हणाले, “न्हाई. आमची टांग्याची. सरकारी कामाची मानसं येगळी.” मला हे उत्तर फार आवडलं.

टांग्याचं चाक बैलगाडीच्या चाकापेक्षा अवघड. आरे बारीक, आणि चाक सपाट नसतं, बशीसारखं किंचित खोलगट असतं, खोलगट बाजू बाहेर. घोडा दुडकत चालला की गाडी डावी-उजवीकडे झुलते आणि प्रत्येक झोल्याला तुंब्याला आडवा धक्का बसतो. सरळ आऱ्यांचं चाक त्या धक्क्यानं ढिलं होतं, बशीचं चाक तो पेलतं. आखाची टोकं मग थोडी खाली वाकवतात, म्हणजे भार घेणारा खालचा आरा जमिनीवर सरळ उभा राहतो. अण्णांनी हे कागदावर काढून दाखवलं नाही. दोन पंजे जोडून दाखवले आणि मला कळलं.

अकराच्या सुमारास लोहार आला. त्याच्या घराण्याचं आणि यांचं जमतं ते तीन पिढ्यांपासून. सुताराचं चाक लोहाराशिवाय पुरं होत नाही आणि लोहाराला सुताराशिवाय धाव चढवायला काही नाही. आता हा लोहार आठवडाभर शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, कामाला असतो. सुट्टी सोमवारी. सोमवारचं कोडं तिथं सुटलं.

अंगणात धाव आडवी टाकून तिच्यावर-खाली शेणी रचल्या आणि पेटवल्या. त्याआधीचं मोजमाप बघण्यासारखं होतं. मुठीला लावलेली एक लोखंडी चकती चाकाच्या कडेवरून फिरवायची, किती फेरे झाले ते मोजायचं, खडूची खूण करायची. मग तीच चकती धावेच्या आतून फिरवायची. धाव चाकाच्या घेरापेक्षा आठ सूत कमी हवी. आठ सूत म्हणजे एक इंच. माझ्यातला विज्ञानाचा विद्यार्थी जागा झाला आणि मी फोनवर हिशेब केला. साडेचार फुटी चाकाचा घेर चौदा फुटांच्या जरा वर. लोखंड सहाशे अंशांनी तापलं तर एवढी पट्टी साधारण सव्वा इंच वाढते. म्हणजे इंचभर लहान केलेली धाव तापल्यावर चाकावरून सैल उतरते आणि पाव इंच हाताशी राहतो. अण्णांना फोन दाखवला. त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, “बरोबर हाय तुमचं.” मला पास केल्यासारखं वाटलं.

दगडाच्या भोकात तुंबा बसवून चाक आडवं ठेवलं. लोहारानं धावेला काठी लावून पाहिली, काठी लगेच धुमसली. मग तिघांनी लांब चिमट्यांनी धाव उचलली आणि चाकावर टाकली. भपकन जाळ झाला, बाभळीचा धूर डोळ्यांत गेला, घणाचे घाव पडले आणि लगेच घागरीवर घागरी पाणी. एकूण प्रकार मिनिटभराचा. जास्त वेळ लागला तर लाकूड जळतं, मग सगळं चाक पुन्हा. पाणी पडताच चाक कुरकुरायला लागलं. लोखंड आकसत होतं, पुठ्ठे आत दाबले जात होते, आरे तुंब्यात रुतत होते. मी वाकून तो सांधा बघत होतो. नखभर फट माझ्या डोळ्यांदेखत मिटली. नंतर तिथं ब्लेडचं पातंही गेलं नसतं.

जेवताना मी तो ठरलेला प्रश्न विचारला. धंदा बुडाला कधी? डांबरी रस्ते आले, टायरगाडी आली, मग ट्रॅक्टर, हे उत्तर मला माहीत होतं. आजही ऊस कारखान्याला नेणाऱ्या बैलगाड्या हंगामात रस्त्यावर दिसतात, पण चाकं रबराची. अण्णा म्हणाले, “बुडाला कुठं? वडील उद्यमनगरला गेले.”

हे मला नवीन होतं. शिवाजी उद्यमनगरातल्या कारखान्यांत ऑइल इंजिनं तयार व्हायला लागली, नदीवरून पाणी उपसायला आणि गुऱ्हाळावर ऊस गाळायला. इंजिनाचे भाग ओतायचे म्हणजे आधी लाकडाचा हुबेहूब भाग करायचा. तो वाळूत दाबून साचा काढायचा, मग साच्यात वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतायचं. हा लाकडी नमुना म्हणजे पॅटर्न. तो करणार कोण? सुतार. आणि इंजिनाचं फ्लायव्हील म्हणजे तरी काय, तुंबा, आरे आणि पुठ्ठा, एकसंध ओतलेला. चुलते घरी चाकं करत राहिले, वडील पॅटर्न करायला लागले.

बीड निवताना आकसतं, फुटाला साधारण एक सूत. म्हणून पॅटर्न फुटामागं सुतानं मोठा करायचा. नाहीतर ओतलेला भाग लहान पडतो आणि सगळा माल भंगारात. उद्यमनगरात दाखल झालेल्या नवख्या पोरांना ही गोष्ट शिकवावी लागायची. अण्णांच्या वडिलांना नाही. लोखंड निवताना किती आकसतं यावरच त्यांच्या घराची रोटी चालली होती. चाकाला ते आकसणं कामाला लावायचं, पॅटर्नमध्ये त्याची भरपाई करायची, एवढाच फरक. ज्या इंजिनांनी मोटेचे आणि चरकाचे बैल घरी बसवले, त्यांची चाकं बैलगाडीवाल्या सुतारानं घडवली. मी हे म्हटल्यावर अण्णांनी मान हलवली, पण त्यांना त्यात विशेष काही वाटलं नसावं. त्यांनी भात वाढायला सांगितला.

संध्याकाळी नातवाबरोबर शिरोलीला गेलो. त्याचं पॅटर्नचं युनिट आहे. लाकूड जवळपास नाहीच, ॲल्युमिनियम आणि रेझिनचे ठोकळे, कापायला सीएनसी मशीन. संगणकावर एका भागाचं चित्र उघडलेलं होतं आणि बाजूच्या चौकटीत ‘श्रिंकेज’ समोर एक टक्का. फुटात सुतं शहाण्णव, म्हणजे फुटाला एक सूत हा जवळपास एक टक्काच झाला. हे मी त्याला सांगितलं तर म्हणाला, “आज्जाला सांगू नका. म्हणंल, मग कॉम्प्युटर कशाला घेतलास?”

चाकांच्या ऑर्डरी येतात अजून. हॉटेलवाले, फार्महाऊसवाले, लग्नात स्टेज सजवणारे. एकानं झुंबरासाठी चाक मागितलं होतं आणि धाव नको म्हणाला, वजन वाढतं. अण्णांनी ते काम घेतलं नाही. बैलगाडी शर्यतींवर २०१४ साली सुप्रीम कोर्टाची बंदी आली तेव्हा हलक्या छकड्यांची कामं थांबली होती. २०२१ च्या डिसेंबरात शर्यती पुन्हा सुरू झाल्या आणि बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, आसपास चौकशा वाढल्या. पण नातू स्पष्ट म्हणतो, यावर घर चालत नाही, घर शिरोलीवर चालतं. चाकं आज्जा करतो तोवर.

धाव चढताना बघायची असेल तर सोमवार धरून जा आणि आधी ओळख काढा, कारण ऑर्डर नसली तर अंगणात त्या दगडावर फक्त स्कूटर दिसेल. पांढरा शर्ट घालू नका. मिसळ आधी खाऊन घ्या. धाव निवेपर्यंत त्या घरात कुणी जेवायला बसत नाही.