नोटोरियस वक्तशीरपणा

एका ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या निवृत्तीच्या शुभेच्छापत्रावर चार इंग्रजी ओळी लिहायचं काम माझ्याकडे आलं. वक्तशीरपणासाठी ते सगळ्यांना ठाऊक, म्हणून 'फेमस' लिहिलं. दोन ओळींनी पुन्हा 'फेमस'च आला. द्विरुक्ती नको म्हणून समानार्थी शब्दांचा कोश उघडला, तर 'फेमस'च्या शेजारी 'नोटोरियस' दिसला. काय भारदस्त शब्द! शेजारी उभा आहे म्हणजे भाऊच असणार, असं धरून मी तो उचलला. भाऊ होताच, पण घराण्याचं नाव घालवलेला. 'वक्तशीरपणासाठी कुप्रसिद्ध' असं प्रमाणपत्र मी त्या भल्या गृहस्थांना देऊन बसलो.

पीटर मार्क रोजे या डॉक्टरने १८५२ साली आपला इंग्रजी शब्दांचा प्रसिद्ध कोश काढला, तेव्हा शब्द अक्षरानुक्रमे न लावता कल्पनांनुसार एकत्र बसवले. एका बाकावर बसले म्हणजे सगळ्यांचा स्वभाव सारखा, हा निष्कर्ष माझा.

तरी 'नोटोरियस'चा गुन्हा साध्या शब्दकोशातही नोंदलेला आहे. बघितलं असतं तर वाचलो असतो. खरे अवघड शब्द ते, ज्यांचा अर्थ वरवर अगदी निर्दोष असतो. 'स्लिम' आणि 'स्किनी' दोघेही बारीकच. पण स्लिम म्हटलं की माणूस आरशाकडे वळतो, स्किनी म्हटलं की आपल्याकडे, आणि ती नजर बरी नसते. वजनकाट्याला दोघांतला फरक कळणार नाही. 'थ्रिफ्टी' आणि 'स्टिंजी' यांच्या खिशातून सुटणारे पैसे मोजले, तर कदाचित तेही सारखेच भरतील.

'स्पिन्स्टर'चं मात्र मला वाईट वाटतं. मूळ अर्थ सूत कातणारी बाई. पुढे तो अविवाहित स्त्रीसाठी कायद्याच्या कागदावर चढला, आणि कागदाबाहेर त्याला वय उलटल्याची, कुणी न विचारल्याची ओल लागली. पुरुषासाठी 'बॅचलर' होता. तोही अविवाहितच, पण त्याच्या नावाला मोकळेपणाचा वारा. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००५ साली विवाहनोंदणीतून दोन्ही शब्द गेले आणि सरळ 'सिंगल' लिहू लागले. बॅचलरचं यात काही बिघडलं नाही. तो पार्ट्यांमधून अजून मजेत आहे.

डिनोटेशन म्हणजे वाच्यार्थ, इथवर ठीक. पण कॉनोटेशनला, म्हणजे शब्दाला चिकटलेल्या बऱ्यावाईट भावनेला, व्यंजना म्हणायला माझं मन घेत नाही. व्यंजना, म्हणजे न बोलता सुचवलेला अर्थ, बहुधा प्रसंगातून उमटते. 'सूर्य मावळला' हे वाक्य चोराला एक सांगतं, गुराख्याला दुसरंच. 'स्किनी'ला प्रसंगाची गरज नाही. कपाटातून कपडा काढावा आणि त्याला आधीपासूनच वास असावा, तसं त्याचं आहे. 'अर्थच्छटा' हा शब्द त्यातल्या त्यात जवळचा, पण छटा डोळ्यांना दिसते. हे प्रकरण नाकाचं.

या वासाची सगळ्यात लबाड गंमत ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेलने १९४८ मध्ये बीबीसी रेडिओवर दाखवली. शाळेत धातू चालवतात तसं त्याने एक विशेषण तिन्ही पुरुषांत चालवलं: मी ठाम आहे, तू हट्टी आहेस, तो आडमुठा मूर्ख आहे. वागणं तेच; समोरून निघून माणूस जरा लांब गेला की शब्द नासतो. मग मीही करून पाहिलं. मी काटकसरी, तुम्ही जरा हात राखून, तो कवडीचुंबक. मी स्पष्टवक्ता, तुम्ही फटकळ, तो तोंडाळ. हा खेळ एकदा लागला की सुटत नाही, आणि तिसऱ्या पुरुषाला माणसं कधी कमी पडत नाहीत.

समारंभात त्या सहकाऱ्यांनी शुभेच्छापत्र वाचलं. थांबले. चष्मा नीट करून पुन्हा वाचलं. माझे कान एव्हाना तापले होते.

"माझ्यापायी तुम्हा सगळ्यांना इतकी वर्षं सकाळी धावत यावं लागलं," ते म्हणाले. "शब्द बरोबर आहे."