परतीची वायर

शुक्रवार, रात्री

पट्ट्यावरून जाणाऱ्या मालाचे फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याच्या स्टेशनवरचा जुना कनेक्टर ब्लॉक, म्हणजे बाहेरच्या वायरी स्क्रूखाली धरून कॉम्प्युटरच्या कार्डाशी जोडणारा ठोकळा, आज उतरवला आणि नवा बसवला. दुखणं जुनंच होतं. समोर वस्तू नसताना मधूनच एखादा रिकामा फोटो निघायचा. सॉफ्टवेअर तपासून झालं, वस्तू आली हे ओळखणारा सेन्सर बदलून झाला, कॅमेऱ्याची केबलही बदलली. शेजारची मोठी मोटर सुरू होते नेमकी तेव्हाच हे फोटो निघतात, एवढं लक्षात आल्यावर मात्र संशयाला दुसरी जागा उरली नाही. झाकण काढलं तर दोन टर्मिनलांच्या मध्ये बोटाच्या पेराएवढा वायरचा तुकडा, जंपर म्हणून टाकलेला. सेन्सरच्या २४ व्होल्ट सप्लायचा शून्य, म्हणजे करंट परत येण्याची वायर, आणि फ्रेम ग्रॅबरचा, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या फोटो घेणाऱ्या कार्डाचा शून्य त्या तुकड्याने एक करून टाकले होते.

"ताई, दोन्ही शून्यच ना? मग जोडले तर बिघडलं काय?" सोबतच्या मुलाने विचारलं. प्रश्न नेमका होता, म्हणून हातातलं काम बाजूला ठेवून त्याला कागदावर काढून दाखवलं.

सेन्सर २४ व्होल्टचा, फ्रेम ग्रॅबरची साधी इनपुट ५ व्होल्टची. मधला मेळ घालायला आधीच्या माणसाने दोन रोधक लावले होते, वरचा १० किलोओहमचा आणि खालचा २.२ किलोओहमचा. हिशेब केला तर इनपुटवर सुमारे ४.३ व्होल्ट येतात, म्हणजे कागदावर सगळं ठीक. पण हा मेळ बसायचा तर दोन्ही शून्य एक करावेच लागतात, आणि एक केले की पलीकडच्या सप्लायची सगळी धुळवड आपल्या घरात येते. त्याच २४ व्होल्टवर सोलेनॉइड व्हॉल्व्ह आहेत, रिले आहेत. मोटरचा ड्राइव्ह सुरू झाला की त्या शून्याच्या वायरमधून गडबडीचे करंट धावतात आणि तो शून्य क्षणभर शून्य राहत नाही. ५ व्होल्टच्या टीटीएल (साध्या डिजिटल चिपच्या) इनपुटला ०.८ व्होल्टच्या खाली ते शून्य आणि २ व्होल्टच्या वर ते एक. मधल्या पट्ट्यात काय वाचलं जाईल याची कुणी हमी देत नाही. एखादा बारीक झटका तिथपर्यंत पोचला की ग्रॅबरच्या दृष्टीने वस्तू आली, आणि कॅमेऱ्याने फोटो काढला.

याहून मला जास्त खटकलं ते दुसरंच. खालच्या रोधकाचा पाय टर्मिनलमधून सुटला असता तर ५ व्होल्टच्या इनपुटवर २४ व्होल्ट चढायला बघणार. वरचा रोधक करंट अडवतो म्हणून चिप तिथल्या तिथे जळत नाही, पण एका सैल स्क्रूच्या भरवशावर महागडं कार्ड ठेवणं मला पटत नाही.

नव्या ब्लॉकवर आयसोलेटेड इनपुट आहे, २४ व्होल्ट थेट घेणारी. आत एक छोटा एलईडी आणि त्याच्यासमोर प्रकाश पडला की करंट वाहू देणारा फोटोट्रान्झिस्टर; या जोडीला ऑप्टो म्हणतात. अलीकडून पलीकडे जातो तो फक्त प्रकाश, तांब्याची वाट कुठेच नाही. सेन्सरचा करंट सेन्सरच्या सप्लायमधून निघतो, एलईडीतून जातो आणि त्याच सप्लायच्या शून्यावर परत येतो. ग्रॅबरच्या शून्याशी त्याचा संबंध नाही, आणि तो येऊ द्यायचाही नाही. जंपर टाकला की या सगळ्या योजनेवर पाणी फिरतं. मुलाला म्हटलं, प्रत्येक वायर लावताना एकच प्रश्न विचार: हा करंट परत कुठून जाणार? उत्तर येत नसेल तर वायर हातातच ठेव.

काही ब्लॉकमध्ये एलईडीचा करंट आवरणारा रोधक आत नसतो आणि तो बाहेर लावावा लागतो. तिथे नुसतं ओहम बघून भागत नाही. २४ व्होल्टमधून एलईडीचे सुमारे १.२ व्होल्ट गेले, उरलेले २२.८ व्होल्ट २.२ किलोओहमवर पडले, तर करंट १० मिलिअँपिअरच्या थोडा वर जातो. छान. पण रोधकात मुरणारी शक्ती जवळजवळ ०.२४ वॅट होते. पाव वॅटचा रोधक तिथे सतत काठावर जगेल, तापेल, आणि बंद पॅनेलमध्ये आणखी तापेल. अर्धा वॅटचाच लावावा.

आता कामाच्या क्रमाबद्दल लिहून ठेवते, कारण अपघात होतो तो बहुधा इथे. कॉम्प्युटर बंद केला की लोकांना वाटतं सगळं बंद झालं. कनेक्टर ब्लॉकवर मात्र दोन-तीन ठिकाणांहून वीज येते. सेन्सरचे २४ व्होल्ट दुसऱ्या पॅनेलमधून, फोटोच्या क्षणी चमकणाऱ्या स्ट्रोब लाइटचा कंट्रोलर तिसरीकडून. कॉम्प्युटर बंद आणि सेन्सर चालू अशी स्थिती तर साध्या इनपुटला चालू अवस्थेपेक्षाही वाईट. वीज नसलेल्या कार्डच्या पायावर बाहेरून व्होल्टेज आलं की करंट आतल्या संरक्षक डायोडमधून उलट्या वाटेने कार्डात शिरतो. म्हणून आधी सॉफ्टवेअर थांबवलं, कॉम्प्युटर शटडाउन केला, मग २४ व्होल्टचा एमसीबी पाडून त्याला कुलूप घातलं आणि पाटी लावली, मग स्ट्रोबचा कंट्रोलर. स्ट्रोबच्या कंट्रोलरमध्ये कपॅसिटर असतात. स्विच पाडल्यावरही त्यांच्यात चार्ज उरतो, त्यामुळे मॅन्युअलमध्ये सांगितलेला वेळ थांबले आणि मग मीटर लावून खात्री केली. मीटरवर विश्वास ठेवण्याआधी तो मीटर चालू सप्लायवर लावून बघायचा, मग बंद जागी, मग पुन्हा चालू सप्लायवर. मधल्या वेळात मीटरचीच प्रोब तुटली असेल तर शून्य दिसेल आणि शून्य नसेल.

आणखी एक गोष्ट मुलाला दोनदा सांगितली. हा ब्लॉक सिग्नलसाठी आहे. २३० व्होल्टची वायर यावर कधीही येत नाही, रिलेच्या संपर्कातून नाही, "फक्त टेस्टिंगपुरती" म्हणूनही नाही.

मनगटाला पट्टा बांधला, त्याची क्लिप पॅनेलच्या अर्थ केलेल्या उघड्या धातूला लावली. पट्ट्यात १ मेगओहमचा रोधक असतो, म्हणजे अंगावरचा चार्ज हळूहळू उतरतो आणि चुकून कुठे जिवंत भागाला हात लागलाच तर पट्ट्यातून धोक्याचा करंट वाहत नाही. स्थिर विजेचा झटका माणसाला जाणवतो तो साधारण ३,००० व्होल्टच्या पुढे. काही चिप त्याच्या कितीतरी खाली, १०० व्होल्टच्या आतही दुखावतात. म्हणजे आपल्याला काहीच जाणवलं नाही आणि कार्ड अर्धमेलं झालं, असं होऊ शकतं. अर्धमेलं कार्ड मेलेल्या कार्डापेक्षा जास्त छळतं, कारण ते कधी चालतं, कधी चालत नाही.

डिन रेलवर, म्हणजे पॅनेलमधल्या धातूच्या पट्टीवर, ब्लॉक बसवणं सोपं, वरची कड अडकवायची आणि खाली दाबायचं. जागा मात्र विचार करून निवडली. मोटरच्या केबलचा डक्ट टाळला, आणि जिथे ओलांडणं भागच होतं तिथे काटकोनात ओलांडला. बाजूबाजूने लांबवर गेलेल्या दोन केबल एकमेकींना गडबड देतात. काटकोनात ती देवाणघेवाण फारच कमी होते.

मग खरं हातकाम. स्ट्रिपर योग्य खाचेत ठेवून साधारण ७ मिलिमीटर इन्सुलेशन काढलं. आधी फेरूल, म्हणजे वायरचा नंबर दाखवणाऱ्या नळ्या, ओवायचे, मग पिन लग (वायरच्या टोकाची धातूची टोपी) क्रिंप करायचा, म्हणजे दाबून पक्का करायचा, नाहीतर नंबर घालायला लग कापावा लागतो. मल्टिस्ट्रँड वायरचं टोक झाळून टर्मिनलमध्ये घालायची सवय अजून बऱ्याच जणांना आहे. दिसायला ते टोक नीटनेटकं दिसतं, पण झाळ मऊ असते, स्क्रूच्या दाबाखाली ती हळूहळू पसरत राहते आणि काही महिन्यांनी तोच स्क्रू सैल निघतो. क्रिंप केलेल्या लगमध्ये तांबं तांब्यासारखंच राहतं.

एका लगच्या बाहेर केसासारखी एक तार राहिलेली मुलाला दिसली. या ब्लॉकवर दोन टर्मिनलांमधलं अंतर ३.८१ मिलिमीटर, आणि ती एकटी तार ते अंतर सहज ओलांडते. त्याने लग कापून पुन्हा केला, मला सांगावं लागलं नाही. प्रत्येक स्क्रू मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळला आणि प्रत्येक वायर हलकेच ओढून बघितली.

सेन्सर पीएनपी आहे, म्हणजे वस्तू दिसली की सिग्नलच्या वायरवर २४ व्होल्ट देणारा (एनपीएन ती वायर शून्याकडे ओढतो). तपकिरी वायर २४ व्होल्टला, निळी शून्याला, काळी सिग्नलची. काळी वायर आयसोलेटेड इनपुटच्या प्लसला लावली, इनपुटचा मायनस सेन्सरच्याच शून्यावर. सेन्सर एनपीएन असता तर इनपुटचा प्लस २४ व्होल्टला आणि काळी वायर मायनसला आली असती. इथेही करंटची परतीची वाट काढली की पाठांतर करावं लागत नाही.

शील्डची वेणी ब्लॉकच्या बाजूला एकाच टोकाला अर्थला जोडली, सेन्सरकडचं टोक कापून स्लीव्हमध्ये बंद केलं. ट्रिगरसारख्या (फोटो काढ असं सांगणाऱ्या) सावकाश सिग्नलला हे बरं, दोन्ही टोकं जोडली की शील्डमधूनच दोन जागांच्या अर्थमधला करंट वाहू लागतो. कॅमेऱ्याच्या वेगवान केबलचा न्याय वेगळा. तिथे शील्ड दोन्ही टोकांच्या धातूच्या शेलला गोलाकार जोडलेली असते आणि ती तशीच ठेवायची.

शनिवार, संध्याकाळी

सकाळी डोकं ताजं असताना तपासणी केली. बेल टेस्टने प्रत्येक टर्मिनलपासून मोठ्या कनेक्टरच्या पिनपर्यंत एकेक लाइन वाजवून घेतली. स्क्रू टर्मिनलचा नंबर आणि कनेक्टरच्या पिनचा नंबर सारखाच असेल असं धरून चालणारे अडकतात. बऱ्याच ब्लॉकवर ते सारखे नसतात. सिग्नलच्या नावावरून जावं, नंबर फक्त पत्त्यापुरता.

मग सेन्सरचा शून्य आणि कॉम्प्युटरची चासी यांच्यामध्ये मीटर लावला. बीप नाही. कालच्या सगळ्या कामात मला सर्वात जास्त समाधान या न वाजलेल्या बीपने दिलं.

वीज दिली ती टप्प्याटप्प्याने. ग्रॅबरकडे जाणारी केबल न जोडता आधी फक्त २४ व्होल्ट चालू केले आणि ५ व्होल्टच्या प्रत्येक टर्मिनलवर मीटर लावून बघितला. २४ चुकून कुठे आले असते तर इथेच पकडले गेले असते आणि नुकसान काहीच झालं नसतं. मग २४ व्होल्ट पुन्हा बंद. केबल कार्डला जोडली, दोन्ही बाजूंचे स्क्रू थोडेथोडे आळीपाळीने फिरवले, म्हणजे कनेक्टर तिरका बसत नाही. ही केबल चालू अवस्थेत कधी काढायची किंवा घालायची नाही, कारण शून्याच्या पिना सिग्नलच्या आधीच टेकतील अशी खात्री नसते. मग कॉम्प्युटर, आणि सगळ्यात शेवटी सेन्सर.

सेन्सरसमोर हात नेला, सॉफ्टवेअरमध्ये लाइन वर गेली. काढला, खाली आली. माल वाहणारा पट्टा चालू केला. एका मीटर प्रति सेकंद वेगाला ट्रिगर एक मिलिसेकंद सरकला तर वस्तू चित्रात एक मिलिमीटर सरकते, त्यामुळे ऑसिलोस्कोप लावून सेन्सरची धार आणि स्ट्रोबची धार यांमधलं अंतर बघितलं. ऑप्टोचा उशीर असतोच, तो साध्या इनपुटपेक्षा जास्त असतो, पण दर वेळी जवळजवळ तेवढाच असेल तर सॉफ्टवेअरमध्ये भरून काढता येतो. तो स्थिर होता.

नंतर मोटर सुरू केली, बंद केली, पुन्हा सुरू केली. ट्रिगरची संख्या आणि फोटोंची संख्या जुळत राहिली. रिकामा फोटो एकही नाही.

दुपारनंतर खराब माल बाजूला ढकलणारा रिले जोडला. ब्लॉकची आउटपुट आतल्या ट्रान्झिस्टरने लोडला शून्याकडे ओढणारी आहे, म्हणजे रिलेची एक बाजू २४ व्होल्टला आणि दुसरी आउटपुटला. कॉइलवर डायोड उलटा लावला, पट्टीची बाजू २४ व्होल्टकडे. कॉइलचा करंट तुटतो तेव्हा कॉइल तो चालूच ठेवायचा हट्ट धरते. डायोड नसेल तर तिथे उसळणारं व्होल्टेज आउटपुटच्या ट्रान्झिस्टरला फोडतं, डायोड असेल तर करंट कॉइलमध्येच फिरून विझतो. इथेही त्याला परत जायला वाट दिली, एवढंच.

एन्कोडर, म्हणजे पट्टा किती सरकला ते मोजणारा सेन्सर, राहिला आहे. त्याच्या ए आणि बी या दोन्ही फेज डिफरन्शिअल आहेत, म्हणजे प्रत्येक सिग्नलची जोडीदार वायर वेगळी, आणि ती त्याच सिग्नलशी पीळ घेतलेली हवी. ए आणि बीला एकमेकींशी पीळ घालून ए-बार, बी-बार (त्यांच्या जोडीदार वायरी) दुसरीकडे नेले तर पीळ असून नसल्यासारखा. आलेल्या केबलमध्ये जोड्या रंगाने स्पष्ट नाहीत, म्हणून बाहेरचं आवरण लांबवर सोलून पीळ डोळ्यांनी बघावा लागेल. ब्लॉकच्या टोकाला १२० ओहमचं टर्मिनेशन, म्हणजे जोडीच्या शेवटी लावायचा रोधक, आधीच आहे का, तेही मॅन्युअलमध्ये बघायचं आहे. असेल तर बाहेरून दुसरं लावायचं नाही.

ड्रॉइंगमध्ये जुना जंपर अजून छापलेला होता. तो लाल पेनाने खोडला, शेजारी कारण लिहिलं, तारीख घातली आणि प्रत पॅनेलच्या दाराच्या आतल्या खिशात ठेवली. पक्कं ड्रॉइंग एन्कोडर झाल्यावर एकदमच सुधारू.