मोटरहोम चिखलात रुतली तर: आधी पाय काढा, मग फावडं काढा

मोटरहोम म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी. चाक फिरतंय आणि गाडी जागची हलत नाही, हे लक्षात आलं की ॲक्सिलरेटरवरचा पाय लगेच काढायचा. चिखलात नुसतं फिरणारं चाक खड्डा खणतं, दुसरं काही करत नाही. टायर दोन-तीन सेंटिमीटर रुतलेला असताना थांबलात, तर थोड्या हातकामात गाडी बाहेर येते. तिथे पाच-सहा वेळा रेस दिलीत तर मोटरहोम पोटावर बसते आणि मग ट्रॅक्टर शोधावा लागतो. पुढे जे काही लिहिलंय त्याचा उपयोग या पहिल्या दहा सेकंदांवर अवलंबून आहे.

इतकी रुंद टायरवाली गाडी रुततेच कशी? ३५०० किलोची मोटरहोम चार चाकांवर उभी असते, म्हणजे एका चाकावर सरासरी ८७५ किलो. टायरमध्ये हवा असते ५ बारच्या आसपास, म्हणजे ७२ पीएसआय. टायर जमिनीवर ढोबळमानाने आतल्या हवेएवढाच दाब देतो, दर चौरस सेंटिमीटरला ५ किलो. म्हणजे एका चाकाचा सगळा भार येतो जेमतेम १७५ चौरस सेंटिमीटरवर, हाताच्या पंजाएवढ्या जागेवर. ७० किलोचा माणूस दोन पायांवर उभा राहिला तर हाच दाब पाव किलोही भरत नाही. त्यामुळे ‘चालून बघितलं, जमीन घट्ट आहे’ यावर विसंबू नका. एका पायाच्या टाचेवर सगळं वजन टाकून बघा. टाच रुतली तर चाक रुतणारच.

आता खाली उतरा आणि नीट बघा. टायरच्या नक्षीत चिखल भरून ती गुळगुळीत झाली असेल, तर ते चाक आता साबणाच्या वडीसारखं आहे. कितीही फिरवलं तरी पकड येणार नाही. काडीने किंवा स्क्रू-ड्रायव्हरने खाचा मोकळ्या करा, निदान पुढे जमिनीला लागणाऱ्या भागाच्या तरी. मग वाकून गाडीखाली बघा. सांडपाण्याची टाकी, तिचा नळ, सायलेन्सर, पायरी यांपैकी काही मातीला टेकलंय का? टेकलं असेल तर गाडीचं वजन चाकांवरून उतरून पोटावर आलेलं असतं. अशा वेळी चाकाखाली काहीही घातलं तरी फुकट. आधी पोटाखालची माती बाजूने ओढून काढायची. गाडी हलवण्याआधी एवढं बघा: पायरी आत, बाजूचं कापडी छत गुंडाळलेलं, मागचे टेकूचे स्टँड वर, विजेची केबल काढलेली, गॅस सिलिंडर बंद. घाईत हमखास विसरतं ते हेच.

वजनाचा विचार मात्र डोकं लावून करा. ‘गाडी हलकी करा’ हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. बऱ्याच मोटरहोम पुढच्या चाकांवर चालतात, म्हणजे इंजिनचा जोर पुढच्या चाकांना मिळतो, आणि सामान मात्र मागे लटकलेलं असतं. मागच्या धुरीच्याही (ॲक्सल) मागे १०० लिटरची टाकी भरलेली असेल, तर ते १०० किलो तरफेसारखे गाडीचं नाक उचलतात आणि चालणाऱ्या चाकांवरचं वजन कमी करतात. ते पाणी काढून टाका. सायकली, मागच्या सामानाच्या कप्प्यातलं (गॅरेज) जड सामानही उतरवा. गाडी मागच्या चाकांवर चालत असेल आणि टाकी त्याच धुरीवर असेल, तर तेच पाणी तुमच्या कामाचं आहे, राहू द्या. जिथून बाहेर पडायचंय तिथे टाकी रिकामी करू नका, साधं पाणीसुद्धा. सांडपाणी तर उघड्यावर सोडायचंच नाही.

पुढचं काम फावड्याचं. चाक आपल्याच खड्ड्याच्या काठाला अडलेलं असतं. दिसायला तो काठ किरकोळ, पण सरळ उभा असतो, आणि गाडी अडते ती तिथेच. ज्या दिशेला जायचंय तिकडे तो काठ कापून लांब, सपाट उतार करा, निदान ६० सेंटिमीटर, जमलं तर मीटरभर. चारही चाकांसाठी करा. न चालणारी चाकं खड्ड्यात ठेवून फक्त चालणाऱ्या चाकांपुढे खणणं ही नेहमीची चूक. दिशा शक्यतो जिकडून आलात तिकडचीच, कारण त्या जमिनीने गाडी एकदा पेलली आहे. पुढच्या चाकांची गाडी चढावर रुतली असेल तर रिव्हर्समध्ये चढवणं सोपं जातं, कारण वजन उताराकडे म्हणजे चालणाऱ्या चाकांवर येतं.

मग रिकव्हरी बोर्ड, म्हणजे रुतलेल्या चाकाला पकड देणाऱ्या फळ्या. साधारण १.१ मीटर लांब आणि ३० सेंटिमीटर रुंद, दाते असलेले. ते चाकासमोर नुसते ठेवून उपयोग नाही. टोक टायर आणि मातीच्या फटीत घट्ट खुपसा, इतकं की चाकाचा पहिला पाव फेराच त्यावर चढला पाहिजे. प्रत्येक बोर्डाला दोरी बांधा, कारण गाडी गेल्यावर तो चिखलात असा गाडला जातो की शोधत बसावं लागतं. बोर्ड नसतील तर जाड फांद्या, खडी, चपटे दगड, गोणपाट चालतं. पायपुसणी चाक मागे भिरकावून देतं, म्हणून मी तिच्यावर भरवसा ठेवत नाही. कोणीही चाकाच्या रेषेत, पुढे किंवा मागे, उभं राहायचं नाही. मागून ढकलूही नये. साडेतीन टनांत दोन माणसांच्या जोराने फरक पडत नाही, आणि मोटरहोमचं पातळ पॅनेल मात्र दबतं.

खड्डा खोल असेल तर जॅक लावून चाक उचला आणि खाली दगड भरा. जॅकखाली ३० बाय ३० सेंटिमीटरची जाड फळी हवीच, नाहीतर गाडी वर येण्याऐवजी जॅकच जमिनीत जातो. बाकीच्या चाकांना दगड लावा. जॅकवरच्या गाडीखाली अंग घालायचं नाही, हातसुद्धा नाही. दगड फावड्याने सरकवा.

तरीही निघत नसेल तर हवा कमी करा, आणि फक्त चालणाऱ्या चाकांची. ५ बारची २.५ केली की टायर पसरतो आणि जमिनीला टेकणारी जागा जवळपास दुप्पट होते. पण एवढ्या वजनाखाली ही हवा फक्त बाहेर पडेपर्यंतच, चालण्याच्या वेगाने, स्टेअरिंग जोरात न वळवता. सोबत ५ बारपर्यंत खरोखर भरू शकणारा कॉम्प्रेसर नसेल तर हवेला हात लावू नका.

गाडी काढताना चाकं सरळ, दुसरा गिअर, इंजिन मंद, क्लच हळू. ट्रॅक्शन कंट्रोल चाक घसरताच इंजिनचा जोर कापतं, तेव्हा ते बंद करून बघा. घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून दुसरीकडे जोर पाठवणारी वेगळी सोय असेल तर ती मात्र चालू करा. साध्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे दोन चाकांत जोर वाटणाऱ्या गिअरमध्ये, सर्वांत जास्त घसरणारं चाकच दोन्ही चाकांचा जोर ठरवतं, म्हणून बोर्ड दोन्ही बाजूंना हवेत. क्लचचा जळका वास आला की थांबा आणि अर्धा तास गार होऊ द्या. गाडी सुटली की बोर्ड उचलायला लगेच थांबू नका, घट्ट जमीन येईपर्यंत चालत राहा.

टोचन करायची वेळ आली तर सर्वांत मोठा धोका दोरीचा. टायर रिमपर्यंत चिखलात असेल तर ओढायला गाडीच्या वजनाएवढाही जोर लागू शकतो. म्हणून दोरीची ताकद वजनाच्या निदान दुप्पट हवी. दोरी फक्त टो-हूकला, म्हणजे गाडी ओढण्यासाठीच्या कडीला. तो अनेक गाड्यांत वेगळा मिळतो आणि आटे उलटे असू शकतात, तेव्हा पूर्ण आत जाईपर्यंत फिरवा. सायकल स्टँड, बंपर, मागचे स्टँड, सस्पेन्शन यांना बांधू नका. ट्रेलरच्या टो-बॉलला झटका देऊन ओढणं जीवघेणं आहे: गोळा तुटून गोळीसारखा उडतो. दोरी लांब ठेवा, म्हणजे ट्रॅक्टर घट्ट जमिनीवर राहतो. तिच्या मध्यावर जाड घोंगडी टाका आणि माणसं दोरीच्या दीडपट लांबीपलीकडे उभी करा. ट्रॅक्टरने आधी ढील हळूहळू घ्यावी, मग सर्वांत खालच्या गिअरमध्ये सलग ओढावं. तुमचं इंजिन चालू हवं, नाहीतर ब्रेक आणि स्टेअरिंग दगडासारखे जड होतात.

बाहेर आल्यावर हवा पूर्ण भरा. रिमच्या आतल्या बाजूला हात घालून चिखल काढा. तो तिथेच वाळला तर चाकाचा तोल जातो आणि वेग वाढला की स्टेअरिंग थरथरतं. सांडपाण्याचा नळ वाकला नाही ना, टायरच्या बाजूला चीर नाही ना, तेही बघा. पहिल्या काही मीटरांत ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून सुकवा. आणि निघण्याआधी आपण पाडलेले खड्डे मातीने भरून पायाने दाबा. त्यात पाणी साठलं तर पुढची गाडी तिथेच फसेल.