आमची वाटचाल : दांडिया बाजारातल्या सुया आणि मावशींचं तेल

आमचं ॲक्युपंक्चर आणि मालिशचं क्लिनिक आहे. नवीन पेशंट फोनवर आधी विचारतात दुखतं का, मग विचारतात किती पैसे. सुई नवी असते का हे आजकाल कुणी विचारत नाही. 2009 मध्ये मात्र अख्खं बडोदा तेवढं एकच विचारत होतं आणि त्या एका प्रश्नापायी आमचं शटर कायमचं खाली यायची वेळ आली होती. ते सगळं सांगतेच, पण आधी सुरुवात.

भूकंप झाला त्या वर्षी, म्हणजे 2001 ला, दांडिया बाजारात एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर दीड खोली घेतली. घरमालकांनी भाड्याच्या बोलणीतच सांगून टाकलं की बोर्डावर मसाज असं काही लिहायचं नाही, इथे फॅमिली राहतात. आम्हीपण फॅमिलीवालेच आहोत हे त्यांना कोण सांगणार, म्हणून बोर्डावर मालिश लिहिलं, ते आजपर्यंत तसंच आहे.

ॲक्युपंक्चर, म्हणजे अंगात बारीक सुया लावून दुखण्यावर उपचार करायची चिनी पद्धत, मी मुंबईला शिकले. आमचे सर जुन्या पद्धतीचे, त्यांच्या सुया ऑटोक्लेव्ह करून, म्हणजे दाबाखालच्या वाफेनं जंतू मारून, परत वापरायच्या. रोज संध्याकाळी शिकणाऱ्यांना बसवायचे आणि एकेका सुईचं टोक कापसावरून ओढायला लावायचे. कापसाचा तंतू अडकला की समजायचं टोक वळलंय, ती सुई बाद. डोळ्याला अजिबात दिसत नाही पण कापूस बरोबर पकडतो. ते काम करून करून मी इतकी वैतागले होते की स्वतःचं सुरू करताना पहिलं ठरवलं, आपल्याकडे फक्त डिस्पोजेबल. तेव्हा त्या महाग वाटायच्या, आणि मुंबईहून बडोद्याला कोण येतंय हे बघून त्याच्या बॅगेत डबे भरून मागवायचे. 0.25 बाय 25 आणि 0.25 बाय 40, म्हणजे मिलिमीटरमध्ये जाडी आणि लांबी, ह्या दोन साइजवर माझं बहुतेक काम होतं, कंबर-कुल्ह्यासाठी जाड आणि लांब लागतात त्या वेगळ्या. लोकांना वाटतं इंजेक्शनची सुई. अहो ती आतून पोकळ असते, ही भरीव, आणि जाडीला साधारण इन्सुलिनच्या बारीक सुईएवढी. शुगरवाले पेशंट म्हणूनच कधी घाबरत नाहीत.

मावशी म्हणजे माझ्या पार्टनर. कागद नाही, करार नाही, मालिशचे पैसे त्यांचे, सुईचे माझे, भाडं निम्मं निम्मं. त्या आधी रावपुऱ्यात घरोघर बाळंतिणींना तेल लावायला जायच्या. त्यांचा हात असा होता की बोट फिरवत फिरवत एका जागी थांबायच्या आणि म्हणायच्या, हितं आहे बघा, आणि पेशंट आई गं करायचा. टेबल करून घ्यायचं होतं तेव्हा सुतार म्हणाला डायनिंग टेबलची हाइट ठेवतो, तर मावशी म्हणाल्या, मी काय जेवायला बसणारे का त्याच्यावर? सरळ उभ्या राहिल्या, हात खाली सोडला आणि मूठ जिथे आली तिथे त्याला पेन्सिलीची खूण करायला लावली. सागवानी टेबल आहे, तोंडासाठी भोक पाडलेलं, अजून तेच वापरतो. नवीन क्लिनिक काढणाऱ्यांनो, ते ऑनलाइन मिळणारं फोल्डिंगचं टेबल घेऊ नका, वजनदार माणूस कुशीवर वळला की जीव वरखाली होतो. तेल तिळाचं, गरजेप्रमाणे महानारायण. तेलाची वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवायची, गॅसवर डायरेक्ट नाही आणि मायक्रोवेव्हमध्ये तर मुळीच नाही, वरून कोमट लागतं आणि आत चटका बसतो.

आता बाईंबद्दल. शाळेत गणित शिकवायच्या, रिटायर झालेल्या, अर्ध्या दांडिया बाजाराला त्यांनी छडी दिलेली. मुलाकडे न्यूजर्सीला राहून परत आल्या आणि आमच्याकडे आल्या की डावी पोटरी दुखतेय, विमानात बसून बसून आखडली असणार, जरा तेल लावून द्या. मावशींनी साडी थोडी वर घेतली, दोन्ही पोटऱ्यांवर तळहात ठेवले आणि हात काढून घेतला. मला हाक मारली. डावी पोटरी उजवीपेक्षा सुजलेली, हाताला ऊन लागत होती, आणि एकाच पायाला. मावशी म्हणाल्या, बाई, ह्या पायाला मी हात लावणार नाही. बाई चिडल्या, त्यांना नाही म्हणायची कुणाची टापच नव्हती, पण मावशी ऐकेनात. मी रिक्षा करून त्यांना हॉस्पिटलमध्ये घेऊन गेले, डॉपलर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी केली, शिरेत रक्ताची गुठळी. ती जर चोळली असती आणि सुटून फुप्फुसात गेली असती तर काय झालं असतं ते डॉक्टरांनी बाईंना समजावून सांगितलं. लांबच्या प्रवासानंतर, ऑपरेशननंतर किंवा बरेच दिवस अंथरुणात काढल्यावर एकच पाय सुजला, दुखला, गरम लागला तर मालिशवाल्याकडे नाही, डॉक्टरकडे पळायचं. घरी सुनेकडूनही चोळून घ्यायचं नाही.

गोळ्यांचा कोर्स संपला, डॉक्टरांनी हो म्हटलं, मग बाई खांद्यासाठी आल्या आणि त्यानंतर आमच्याच झाल्या.

तर 2009. आमच्याकडे हाताखाली शिकायला एक मुलगा होता, चुणचुणीत, बोलायला गोड. काही महिने राहिला आणि मग पलीकडच्या गल्लीत स्वतःचं उघडलं, एसी वगैरे लावून. उघडू दे, त्याचं मला काही नाही. पेशंटच्या फोनची डायरी घेऊन गेला असंही मी म्हणणार नाही, पण आमच्या पेशंटना त्याचे फोन जायला लागले एवढं खरं. त्याच्याकडे पॅकेज, एकवीस सिटिंगचे पैसे आधीच भरा आणि तीन फुकट. आमच्याकडे असलं काही कधी नव्हतं, अजून नाही.

आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत मोडासाचं प्रकरण झालं. तेव्हा मोडासा साबरकांठा जिल्ह्यात होतं. तिथे वापरलेल्या सिरिंजा परत वापरल्यामुळे हिपॅटायटिस बी, म्हणजे रक्तातून लागणारी कावीळ, पसरला, माणसं दगावली, पेपरात रोज तेच. लोक घाबरले ते बरोबरच होतं. पण आमच्या ह्या हुशार मुलानं काय करावं? आमच्या मागच्या खोलीत छोटा ऑटोक्लेव्ह होता, कुकरसारखाच दिसतो, त्यात आम्ही चिमटे, ट्रे आणि कपिंगचे, म्हणजे अंगावर चिकटवून कातडी ओढून धरणारे, काचेचे कप घालायचो. त्यानं तो स्वतःच्या हातानं शेकडो वेळा लावलेला. त्यानं पसरवलं की तिथे सुया कुकरमध्ये उकळून परत वापरतात, मी आतून बघितलंय. आतून बघितलंय म्हटल्यावर कोण विश्वास ठेवणार नाही! आधी गुजराती पेशंट दारात उभं राहूनच विचारायचे, बेन, सोय नवी छे ने, म्हणजे सुई नवी आहे ना? मग विचारायचे पण बंद झाले, म्हणजे यायचेच बंद झाले. आपले मराठी लोक तर विचारत सुद्धा नाहीत, सरळ रस्ता बदलतात. सकाळी दहाला दिवा लावायचा आणि एकपर्यंत मी आणि मावशी समोरासमोर बसून गवार निवडायची. पुढे पुढे तर दोन महिन्यांचं भाडं थकलं. मावशी एक दिवस म्हणाल्या, ताई, मी परत घरोघर जाते, तू नोकरी बघ कुठेतरी. मीही एका हॉस्पिटलात अर्ज टाकून ठेवला होता.

बाई आल्या त्या केसपेपरची थप्पी मागायला लागल्या. म्हणाल्या, ह्यात सुया किती घातल्या आणि किती काढल्या ते कुठाय? मी म्हटलं, मोजून काढतोच की. म्हणाल्या, मोजता पण लिहीत नाही, न लिहिलेल्या उत्तराला मार्क नसतात. त्या दिवसापासून आमची पद्धत ठरली ती आजपर्यंत. पाकीट पेशंटच्या समोर फाडायचं, आधी एक्सपायरी त्याला वाचायला लावायची, घातलेल्या आणि काढलेल्या सुयांचा आकडा केसपेपरवर, त्याखाली पेशंटची सही, आणि वापरलेली सुई त्याच्या देखत पांढऱ्या डब्यात. ऑटोक्लेव्ह बाहेर वेटिंगमध्ये आणून ठेवला, झाकण उघडून बघा म्हटलं काय बघायचंय ते. आणि बाई स्वतः आठवड्यातून दोनदा सुया लावून घ्यायला यायच्या आणि खंडेराव मार्केटमध्ये भाजी घेताना ओळखीच्या प्रत्येकीला रिकामं पाकीट पर्समधून काढून दाखवायच्या. त्यांच्यापुढे कुणाची वाद घालायची हिंमत? सगळ्या त्यांच्याच विद्यार्थिनी. दिवाळीपर्यंत निम्मे लोक परत आले. निम्मे आजपर्यंत आले नाहीत. त्यातल्या काहींना मी अजून लग्नाकार्यात भेटते, गोड हसतात.

तो मुलगा पण भेटतो, आता मुलगा कसला म्हणा, टक्कल पडलंय. दोन ब्रँच आहेत, होर्डिंगवर फोटो आहे, नावापुढे डॉक्टर लावलंय. मी लावत नाही. 2019 ला केंद्र सरकारनं ॲक्युपंक्चरला स्वतंत्र पद्धत म्हणून मान्यता दिली तेव्हा पेढे वाटले आम्ही, पण डॉक्टर म्हणजे डॉक्टर. तुम्ही कुठेही जा, समोरचा कुठे आणि किती शिकलाय ते तोंडावर विचारा, राग आला त्याला तर तिथूनच उठा.

त्यानंतरची वर्षं सांगण्यासारखी नाहीत, काम चाललं. लॉकडाऊनमध्ये सगळ्यांसारखे आम्हीपण बंद होतो. मावशी आता येत नाहीत, गुडघे गेले, त्यांची सून येते, बायकांची मालिश ती करते आणि पुरुषांसाठी वेगळा माणूस आहे. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीला पूर आला त्यानंतर महिनाभर नुसत्या कंबराच कंबरा, फ्रिज माडीवर चढवलेल्या आणि चिखल उपसलेल्या.

आता नवीन येणाऱ्यांसाठी, कारण फोनवर तेच तेच सांगून माझा घसा बसतो. उपाशी येऊ नका, उपाशी माणसाला सुई लावली की चक्कर येते, आणि पोट फुटेस्तोवर जेवूनही येऊ नका, पालथं झोपायचंय. पायजमा किंवा सलवार गुडघ्याच्या वर जाईल अशी सैल घाला, जीन्स घालून येता आणि मग मला गुडघ्याखालचा पॉइंट हवा असतो. सुई टोचताना मुंगी चावल्याएवढं कळतं, मग आत जड जड, ठणकल्यासारखं होतं, ते आम्हाला हवंच असतं, पण विजेसारखी सणक गेली किंवा आग झाली तर लगेच बोला, सहन करून मला मोठेपणा दाखवू नका. वीस पंचवीस मिनिटं पडून राहायचं, मोबाइल नाही. नंतर एखाद्या जागी निळं पडतं, झोप येते, म्हणून पहिल्या दिवशी ॲक्टिव्हा चालवत एकट्या येऊ नका.

रक्त पातळ करायच्या गोळ्या, पेसमेकर, गरोदरपण, कॅन्सर, हाडं ठिसूळ असणं, ह्यातलं काही लपवायचं नाही. पेसमेकरवाल्याला सुईवर करंटचं मशीन लावत नाही. गरोदर बाईला अंगठा आणि तर्जनीच्या मधला पॉइंट देत नाही. शुगरमुळे पाय बधिर असलेल्याला शेक देताना आणि मोक्सा, म्हणजे वाळलेली वनस्पती जाळून पॉइंटला ऊब देणं, करताना मी स्वतः शेजारी बसते, त्याला भाजलेलं कळत नाही. आणि कंबर दुखतेय, त्यात लघवी-संडासवरचा ताबा जातोय, मांड्यांच्या मधली जागा बधिर झालीय, पायातली ताकद कमी होतेय, तर माझ्याकडे अपॉइंटमेंट कसली घेता, त्याच रात्री इमर्जन्सीला जा.

उपयोग होतो का? जुनी कंबर, मान, झिजलेला गुडघा, डोकेदुखी, ह्यात माझ्या डोळ्यांनी बघितलंय. पण सरकलेली गादी सुईनं जागेवर बसत नाही, शुगर जात नाही, मुलांची उंची वाढत नाही, आणि बीपीची गोळी बंद करा असं कुणी सांगितलं तर चप्पल घाला आणि निघा. मोठ्या अभ्यासांत खोट्या सुया लावलेल्यांनासुद्धा बराच आराम पडलेला दिसतो, हे मी पेशंटला सांगते, होर्डिंगवाले सांगत नाहीत. पाच-सहा सिटिंगमध्ये काहीच फरक नाही तर मी स्वतः म्हणते आता पैसे घालवू नका. आणि ॲक्युपंक्चर डॉक्टर कोटणीसांनी चीनमधून आणलं असं मराठी लोक दर दुसऱ्या दिवशी ऐकवतात मला. अहो कोटणीस 1942 लाच तिकडे वारले. त्यांच्याच बरोबर गेलेले डॉक्टर बसू नंतर परत चीनला जाऊन शिकून आले आणि 1959 ला कोलकात्यात त्यांनी सुरू केलं.

उत्तरायणाला दोन दिवस पतंगांसाठी वर बघून मान धरली की वासी उत्तरायणाच्या, म्हणजे दुसऱ्या दिवसाच्या, रात्रीच फोन करू नका, आधी एक दिवस आराम करा, निम्म्या माना आपोआप सुटतात. नवरात्रात मात्र आम्ही रात्री आठपर्यंतच आहोत. गरब्याला जायच्या आधी घोटा जरा दाबून द्या म्हणून चणिया-चोळी घालून कुणी यायचं नाही, गेल्या वर्षीचे आरसे अजून टेबलाच्या फटीत निघतायत.