आमची वाटचाल : आधी टेप, मग पाना

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं वर्कशॉप आहे. काम एकच, फोर बाय फोर आणि ऑल व्हील ड्राइव्ह गाड्यांचं ट्रान्सफर केस, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटून देणारा डबा. इंजिनाचं काम आम्ही घेत नाही, डेंटिंग-पेंटिंग नाही, एसीचा गॅससुद्धा भरत नाही. एवढ्यावर घर चालतं का, असं विचारणारे पाहुणे अजून भेटतात. चालतं. पण हे ठरवून झालेलं नाही, होत होत झालं.

वडील मूळचे लेथवाले. उद्यमनगरात ऑइल इंजिनांच्या सुट्या भागांचं काम भरपूर असायचं, त्यात ते शिकले. मग जीपांच्या गिअरबॉक्सकडे वळले. त्या काळी गगनबावडा, शाहूवाडी, भुदरगड या बाजूंना एसटी चुकली की वडापच्या जीपशिवाय गती नव्हती. वडापच्या गाड्या बहुतेक टू व्हील ड्राइव्ह, पण माणसं मावतील तितकी कोंबून घाट चढायच्या, त्यामुळे गिअरबॉक्सचं काम कायम. खऱ्या फोर बाय फोर जीपा असायच्या कारखान्यांच्या शेती खात्याकडे, वनखात्याकडे आणि काही हौशी बागायतदारांकडे. त्यांचं ट्रान्सफर केस म्हणजे निव्वळ दात्यांचा संसार. चेन नाही, मोटर नाही, वायर नाही. दोन छोट्या दांड्या, एक पुढचा ॲक्सल जोडायची, दुसरी हाय-लो करायची, म्हणजे नेहमीचा वेग की कमी वेगात जास्त जोर ते ठरवायची. बिघडायचं म्हणजे काय, तर मधल्या गिअरच्या आतल्या सुया झिजायच्या, सील गळायचं, नाहीतर उतारावर लोमधून दांडी उडायची. वडील स्क्रू ड्रायव्हरचं टोक केसला आणि मूठ कानाला लावून ऐकायचे आणि कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचे. त्यात जादू काही नव्हती. आत आवाज करण्यासारख्या जागाच मोजक्या होत्या.

मी हाताशी आलो तेव्हा गाड्या बदलायला लागल्या होत्या. २००२ साली स्कॉर्पिओ आली, पुढच्या वर्षी एंडेव्हर, २००९ ला फॉर्च्युनर, २०१० ला थार. काही गाड्यांत दांडीच्या जागी बटण आलं, दात्यांच्या जागी चेन आली, केसच्या पाठीवर एक छोटी मोटर बसली. पुढे पुण्या-मुंबईची वापरलेली जर्मन एसयूव्ही आमच्याकडे यायला लागली. साहेबांनी तीन-चार वर्षं फिरवून काढलेली गाडी इथे कुणीतरी हौसेनं घ्यायचा. गाडी परवडायची, तिचं दुखणं परवडायचं नाही. नव्या ट्रान्सफर केसचा आकडा लाखांत ऐकला की माणूस पार्किंगमध्येच बसकण मारायचा. असे लोक विचारत विचारत आमच्या दारात यायला लागले, कारण गावात "ते जीपवाले गिअरबॉक्स उघडतात" एवढी आमची ओळख होती.

आता थोडं यंत्राबद्दल, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

गिअरबॉक्समधून आलेली ताकद ट्रान्सफर केस पुढच्या आणि मागच्या प्रोपेलर शाफ्टला वाटून देतं. वाटण्याच्या तीन तऱ्हा. थार-जिप्सीसारख्या पार्ट-टाइम गाडीत फोर एच (हायमध्ये चारही चाकांना ताकद) लावलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट जखडले जातात. फुल-टाइम गाडीत मध्ये एक डिफरन्शियल असतं, त्यामुळे दोघांना थोडा वेगळा वेग चालतो. तिसऱ्या तऱ्हेत, म्हणजे बहुतेक महागड्या ऑल व्हील ड्राइव्हमध्ये, आत क्लच प्लेटांची थप्पी असते आणि मोटर ती थप्पी हवी तेवढीच दाबते. चाक घसरतंय असं कॉम्प्युटरला वाटलं की दाब वाढतो, पुढच्या चाकांकडे ताकद जाते.

"वाटलं की" हे महत्त्वाचं. कॉम्प्युटरला घसरणं दिसत नाही, चाकांच्या वेगातला फरक दिसतो. हा फरक टायरनंही पडतो. २६५/६५ आर १७ मापाचा टायर धरा. नवा असताना घेर साधारण २ मीटर ४४ सेंटिमीटर. नक्षी ८ मिलिमीटरवरून ३ वर आली की घेर ३ सेंटिमीटरनं कमी होतो. म्हणजे नवा टायर किलोमीटरला ४१० फेऱ्या मारतो, झिजलेला ४१५. पाच फेऱ्या ऐकायला काहीच नाहीत. पण पुढे नवी जोडी आणि मागे जुनी घेऊन कोल्हापूरहून पुण्याला जा, हजाराहून जास्त फेऱ्यांचा फरक पडतो आणि तो सगळा त्या क्लच प्लेटांना घासून पचवावा लागतो. एका जुवाखालच्या दोन बैलांत एकाची टांग लांब असली की खांदा दोघांचाही सुजतो, तसं हे आहे. प्लेटा तापतात, तेल करपतं. केसमध्ये तेल असतं किती? पुष्कळ गाड्यांत लिटरभर, काहींत त्याहून कमी. एवढंसं तेल करपायला वेळ लागत नाही.

मग तक्रार घेऊन माणूस येतो. वळताना गाडी अडखळते. तीस-चाळीसच्या वेगात ॲक्सिलरेटर दिला की खालून थरथर येते. फोर बाय फोरचा दिवा मध्येच लुकलुकतो. चेन सैल झाली असेल तर जोर दिल्यावर केसमधून कडाकड आवाज. नुसतं बेअरिंग गेलं असेल तर वेगाबरोबर चढत जाणारा घूंऽऽ आवाज, जो लोक हमखास टायरचा समजतात. टायरचा दोष असतो तेव्हा मात्र त्यांना तो ट्रान्सफर केसचा वाटतो!

आमच्या धंद्याला वळण लागलं ते सांगलीच्या एका गिऱ्हाइकामुळे. इंपोर्टेड एसयूव्ही, थरथरीची तक्रार, आणि दुसरीकडून मिळालेलं कोटेशन खिशात : अख्खं ट्रान्सफर केस बदला. वडील तेव्हा रोज वर्कशॉपात यायचे. त्यांनी गाडीखाली जायच्या आधी मोजायची टेप मागितली. पुढचे दोन टायर कोरे, मागचे अर्ध्यावर आलेले. हायवेवर दगड लागून टायर फुटला म्हणून साहेबांनी दोनच बदलले होते. काटकसरीत त्यांची चूक नाही, साध्या गाडीला हे चालतंच. आम्ही चारही एका मापाचे घालायला लावले, करपलेलं तेल काढून त्या केसला लागतं तेच तेल भरलं, आणि तेल बदलल्याची नोंद स्कॅनरनं कॉम्प्युटरला दिली. काही गाड्यांत ही नोंद दिली नाही तर तो जुन्या तेलाच्या हिशेबानंच प्लेटा दाबत राहतो. थरथर गेली. त्यांच्या प्लेटा वाचल्या होत्या म्हणून एवढ्यावर भागलं, हेही सांगायला हवं. तशीच गाडी आणखी वर्षभर पळवून आणणारेही येतात, त्यांच्या प्लेटा काळ्या पडलेल्या असतात आणि मग केस उघडावंच लागतं.

तेव्हापासून आमच्याकडे गाडी आली की पाना नंतर, टेप आधी. चारही टायरांचा घेर, कंपनी, नक्षीची खोली. मग हवा. मग तेल काढून त्याचा रंग आणि ड्रेन प्लगच्या चुंबकावर काय चिकटलंय ते. राखाडी लेप असेल तर ती रोजची झीज. चकचकीत पापुद्रे निघाले तर बेअरिंग किंवा दाते. काळं, जळका वास असलेलं तेल म्हणजे प्लेटा. जमत असेल तिथे पुढचा ड्राइव्ह बंद करून गाडी फिरवतो. थरथर थांबली तर संशय पक्का. इथे एक सावधगिरी : पुढचा शाफ्ट काढून बघण्याची युक्ती फुल-टाइम गाडीत भलतीच फजिती करते, मधलं डिफरन्शियल लॉक केलं नाही तर ताकद सगळी मोकळ्या बाजूनं निघून जाते आणि गाडी जागची हलत नाही.

हे सगळं वहीत मांडायची शिस्त माझ्या बायकोची. ती हिशेब बघते. गिऱ्हाईक भांडतं ते बिलावर, बिलाच्या मागे कारण लिहिलेलं असेल तर भांडण निम्मं होतं, हा तिचा अनुभव. आज वहीच्या जागी कॉम्प्युटर आहे, पण रकाने तेच आहेत. त्यातून आम्हालाच कळलं की दारात आलेली बहुतेक ट्रान्सफर केस आपणहून बिघडलेली नव्हती. दुखणं बाहेरून आलेलं होतं : टायर, तेल, पाणी, टोचन (बंद गाडी ओढून नेणं).

पाण्याचं तर आम्ही २०१९ मध्ये जवळून पाहिलं. त्या ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३ ची. शिरोलीजवळ हायवे बंद, शहर तुटलेलं. चिखली, आंबेवाडी, शिरोळकडच्या गाड्या दिवसेंदिवस पाण्यात होत्या. बचावाला धावलेल्या जीपा, थार, ट्रॅक्टर पाण्यातून ये-जा करत होते ते वेगळंच. ट्रान्सफर केसला श्वास घ्यायला एक बारीक नळी असते. गरम झालेलं केस गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि नळीतून, नाहीतर जुन्या सीलमधून, पाणी आत ओढलं जातं. बाहेरून काही कळत नाही. प्लग उघडला की तेलाऐवजी दुधाळ चहा.

पूर ओसरला तेव्हा आम्ही एकच निरोप ओळखीच्या सगळ्या ग्रुपवर फिरवला : गाडी सुरू करू नका, आधी पाच जागचं तेल काढा, इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचं हौसिंग (ॲक्सलचा डबा), मागचं हौसिंग. ज्यांनी लगेच ऐकलं त्यांची बेअरिंग वाचली. ज्यांची गाडी विम्याच्या सर्व्हेची वाट बघत पाणी-तेलात उभी राहिली, त्यांच्या बेअरिंगच्या धावांवर, म्हणजे गोळ्या फिरतात त्या कड्यांवर, गंजाचे खड्डे पडले होते. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. तेव्हा लोक आमच्याआधी शहाणे झाले होते, पाणी चढायच्या आतच गाड्या उंचावर नेऊन लावल्या होत्या. धंदा म्हणाल तर कमी झाला. बरंच झालं.

पुराच्या त्या कामानं आम्हाला उद्यमनगरात असण्याची किंमत कळली. नवीन केस मिळायला महिना, आणि इथे बेअरिंगवरचा नंबर वाचला की तेच बेअरिंग संध्याकाळपर्यंत हातात. ॲल्युमिनियमच्या केसमध्ये बेअरिंगची बैठक सैल झाली असेल तर शेजारचा लेथवाला बोअर मारून स्लीव्ह (आत बसणारी नळकांडी) वळून देतो. केस गरम करून ती बसवायची, थंड झाली की घट्ट. तडा गेला तर आर्गन वेल्डिंग पलीकडच्या गल्लीत. चेन आणि क्लच प्लेटा मात्र आम्ही इथे बनवून घेत नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. त्यांचं माप, त्यांचा माल, त्यांचं घर्षण हे अंदाजानं करायचं काम नाही. बाहेरून मागवतो, वेळ लागतो, गिऱ्हाईक कुरकुरतं.

टोचनचं राहिलं. करूळ घाटात बंद पडलेली एक ऑल व्हील ड्राइव्ह गाडी रिकव्हरीवाल्यानं पुढची चाकं उचलून, मागची रस्त्यावर फिरवत इथवर आणली. तक्रार होती बॅटरीची. येईपर्यंत ट्रान्सफर केस जळलेलं. पुढची चाकं उभी, मागची फिरताहेत, मधल्या प्लेटांनी जायचं कुठे? आणि इंजिन बंद असल्यावर काही केसमधला तेलाचा पंपही फिरत नाही. अशी गाडी फ्लॅटबेडवरच आणायची, चारही चाकं वर. विम्याच्या फोनवर हे दोनदा सांगा.

पार्ट-टाइम गाडीवाल्यांची दोन टोकं असतात. एक जण पावसाळा लागला की हायवेवर फोर एच लावूनच फिरतो, "ग्रिप येती" म्हणून. वळणावर पुढची चाकं मोठा वळसा घेतात, मागची छोटा, मध्ये डिफरन्शियल नाही. कोरड्या डांबरावर सगळा पीळ शाफ्टमध्ये आणि चेनमध्ये साठतो, आणि मग दांडी निघता निघत नाही. ती ओढू नये. थोडं सरळ रिव्हर्स घ्यावं, पीळ सुटतो. दुसरा माणूस गाडी घेतल्यापासून फोर बाय फोर लावतच नाही, जपून ठेवतो. मग आंबोलीच्या चिखलात पहिल्यांदा बटण दाबतो आणि फोर्कचा शाफ्ट, म्हणजे फोर बाय फोर जोडणारी आतली दांडी, गंजून बसलेला असतो. महिन्यातून एकदा शेताच्या रस्त्यावर लावून काढत जा, एवढंच आम्ही सांगतो.

भंगार बाजारातलं जुनं केस बसवून द्या, म्हणणारे दर आठवड्याला येतात. आम्ही बसवतो, पण आधी खोलून बघण्याचे पैसे वेगळे घेतो आणि ते आधी सांगतो. जुन्या जीपांमध्ये तर त्याहून आधी दोन्ही हौसिंगचं गुणोत्तर तपासतो. चाक फिरवायचं, शाफ्टचे फेरे मोजायचे. कुणीतरी कधीतरी मागचं हौसिंग बदललेलं असतं, पुढचं तसंच, त्यामुळे दोन्ही शाफ्टचे वेग जुळत नाहीत, आणि मालक तिसरं ट्रान्सफर केस फोडून आलेला असतो.

वडील आता सकाळी तासभर येतात. आयटीआय झालेली पोरं स्कॅनर लावून कोड वाचतात, वडील चुंबकावरचा चुरा बोटांत चोळून बघतात, आणि दोघांचं पटलं नाही तर केस उघडायचं की नाही हे मी ठरवतो. हल्ली इलेक्ट्रिक गाड्या आल्यात, २०२५ च्या हॅरियर ईव्हीच्या चारही चाकं ओढणाऱ्या मॉडेलमध्ये पुढे एक मोटर, मागे एक मोटर, मध्ये ट्रान्सफर केसच नाही. पोरं मला त्यावरून चिडवतात. सध्या तरी रॅम्पवर एक जिप्सी आणि दोन जर्मन गाड्या आहेत, आणि जर्मनवाल्यातल्या एकाला अजून पटलेलं नाही की त्यानं मागचे दोन टायर बदलायला हवेत.