तुम्ही विचारलंत म्हणून: टेबलाखालचं पुडकं

"तुमच्या चर्चमध्ये मराठी, तमिळ, मल्याळी, पावरा आदिवासी सगळे एकत्र बसतात म्हणे. भांडणं होत नाहीत का हो?" भुसावळची आहे म्हटलं की हा प्रश्न येतोच.

होतात की!

आमच्या गावाला बाहेरच्या माणसाचं अप्रूप नाही. रेल्वेचं जंक्शन, ऑर्डनन्स फॅक्टरी, दीपनगरचं वीजकेंद्र. बदली होऊन कोण कुठून येईल, नेम नसतो. दारात "जय ख्रिस्त" म्हणायचं, गीतांचं पुस्तक हातात द्यायचं, पंख्याखालची जागा दाखवायची, हे आम्हाला झोपेतही जमेल. घोडं अडतं ते त्याच्या पुढे.

कापणीच्या सणाचं सांगते. अर्पणाचं टेबल मी मांडत होते. केळीचा घड, दादर ज्वारीची कणसं, भरताची वांगी, द्राक्षं, एका तमिळ बाईंनी घरी तळलेलं मुरुक्कू. यावलकडून येणाऱ्या एका पावरा आजींनी फडक्यात बांधून मोहाची फुलं आणली होती, गेल्या उन्हाळ्यात वेचून वाळवलेली. मनुकांसारखी चिकट, आणि वास गोडसर, किंचित आंबूस. माझ्या डोक्यात मोह म्हणजे दारू. पंचकमिटीतले लोक काय म्हणतील, या धास्तीने मी ते पुडकं हळूच टेबलाखाली सरकवलं. आजींनी पाहिलं. बोलल्या काहीच नाहीत. उपासनेनंतर एकेका वस्तूचा लिलाव झाला, फडकं तिथंच राहिलं. त्यांची सून तेवढी जवळ आली. "ताई, द्राक्षं चालतात, मग मोह का नाही?"

काय सांगणार? पाड्यावर ही फुलं भाजून खातात, भाकरीतही घालतात. पावसाळ्यात घरातलं धान्य सरलं की त्यांच्यावर दिवस काढतात. आजींनी घरातला साठाच उचलून आणला होता, हे मला नंतर कळलं.

बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय तेव्हापासून मी वेगळ्या डोळ्यांनी वाचते. पहिल्याच ख्रिस्ती मंडळीत कुरकुर झाली ती अन्नावरून: रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होत होतं. मग वाटपासाठी सात जण निवडले, आणि स्तेफनापासून सगळी नावं ग्रीक वळणाची. म्हणजे ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्याच हातात पळी दिली. आमच्याकडे तक्रारीवर आधी मीटिंग होते, मग चहा.

गाण्यांचंही तेच. पावरी गीताला ढोल घेतला की आमचे काही ज्येष्ठ कपाळाला आठ्या घालतात. नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले तेव्हा मराठी चर्चमध्ये इंग्रजी चालींचाच जोर होता. टिळकांनी प्रभू येशूला ओवी-अभंगात आणलं. आज ती पदं आम्ही डोळे मिटून म्हणतो, जणू ती कधी नवी नव्हतीच.

यंदा टेबल मांडायचं काम त्या सुनेकडे दिलं. मोहाची परडी तिने मधोमध ठेवली आणि माझी वांगी पार मागे, मुरुक्कूच्या डब्याआड. मला थोडं लागलंच.