‘लागलं तर’ आणि ‘नसलं तर’

घरातल्या साध्या वजनकाट्यावर मोठी बॅग ठेवली की आकडाच तिच्याखाली झाकला जातो. म्हणून आधी एकटीने काट्यावर उभे राहायचे, मग बॅग उचलून उभे राहायचे आणि दुसऱ्या आकड्यातून पहिला वजा करायचा. नोकरीसाठी परदेशी निघण्याआधीच्या आठवड्यात ही वजाबाकी मी इतक्या वेळा केली की माझे स्वतःचे वजन मला दशांश चिन्हासकट पाठ झाले. तिकिटावर प्रत्येकी २३ किलोंच्या दोन बॅगा आणि हातात ७ किलोंची एक, एवढी मुभा होती. पहिल्यांदा भरल्या तेव्हा एक बॅग २९ किलोंची निघाली आणि दुसरी २७ किलोंची, म्हणजे १० किलो सामान काढणे भाग होते. मी नायलॉनच्या दोरीचे भेंडोळे बाहेर काढले आणि शेजारी बसलेल्या आईने ते शांतपणे पुन्हा आत ठेवले. “असू दे गं,” ती म्हणाली, “लागलं तर?”

या ‘लागलं तर’ला उत्तर देता येत नाही, कारण दोरी कधीच लागणार नाही असे छातीठोकपणे कोण सांगणार? छत्री, टॉर्च, जादा चादर, स्क्रू ड्रायव्हरचा संच, दोन कुलपे यांपैकी प्रत्येक गोष्ट कधी ना कधी लागू शकते आणि या एका शक्यतेच्या जोरावर ती बॅगेत शिरते. दोन रात्री वाद घातल्यावर मी प्रश्नच उलटा केला. एखादी वस्तू तिथे नसली तर माझे किती दिवस अडेल, आणि ती उणीव तिथल्या तिथे भरून निघेल की त्यासाठी पुन्हा इकडेच यावे लागेल? छत्री नसली तर मी एकदा भिजेन आणि दुसऱ्या दिवशी विकत घेईन. पदवीचे प्रमाणपत्र नसले तर मात्र जगातल्या कोणत्याही दुकानात ते मिळणार नाही. या कसोटीवर सामान लावले तेव्हा असे दिसले की खरोखर अडवणाऱ्या बहुतेक गोष्टींना वजन जवळपास नसतेच.

त्यांत कागदपत्रे पहिली. परदेशात वापरायच्या सार्वजनिक दस्तऐवजावर अपोस्टिल नावाचा शिक्का लागतो. ५ ऑक्टोबर १९६१च्या हेग करारात सामील झालेले देश तो आपसांत मान्य करतात, आणि करारात नसलेल्या देशासाठी दूतावासाकडून वेगळे साक्षांकन करून घ्यावे लागते. यातली मेख अशी की ज्या देशाने दस्तऐवज दिला, त्याच देशाच्या अधिकृत यंत्रणेकडून हा शिक्का मिळतो. जाऊन पोहोचल्यावर तिथल्या कार्यालयात तो मिळत नाही. मी पदवीवर शिक्का घेतला होता; जन्मदाखला मात्र ‘तो कोण विचारतो’ म्हणून तसाच कपाटात ठेवला. पाचव्या महिन्यात तो विचारला गेला. मूळ दाखला घरून निघून शिक्क्यासाठी एका गावी, तिथून परत घरी आणि मग कुरिअरने माझ्याकडे असा फिरला आणि माझ्या हातात पडेपर्यंत सात आठवडे गेले. कागद वजनाला पाच ग्रॅमही नसेल. आणखी एक बाब निघण्याआधीच तपासावी: पासपोर्टवरचे नाव आणि प्रमाणपत्रांवरचे नाव अक्षरशः एकच आहे का. एका अक्षराचा फरकही परदेशी बसून निस्तरणे फार किचकट होते आणि त्यासाठीचे प्रतिज्ञापत्र निघण्याआधी करून घेणे सोपे असते.

आंतरराष्ट्रीय वाहन परवान्याचेही तसेच आहे. आपला मूळ परवाना ज्या देशाचा, तिथेच तो काढून मिळतो आणि १९४९च्या जिनिव्हा करारानुसार दिलेला परवाना फार तर वर्षभर चालतो, म्हणून तो निघण्याच्या अगदी आधी काढावा. जुन्या नोकऱ्यांची अनुभवपत्रे, लसीकरणाची नोंद आणि दातांचे जुने एक्स-रे हे सगळे मी एका पातळ फाइलमध्ये घातले आणि त्यांच्या स्कॅन केलेल्या प्रती दोन वेगळ्या ठिकाणी साठवल्या. ही फाइल मोठ्या बॅगेत कधीही घालू नये. ती हातातच हवी.

हातातल्या बॅगेचा विचार मी बराच उशिरा केला आणि ती माझी दुसरी चूक. उरलेसुरले सामान कोंबण्याची जागा असेच मी तिच्याकडे पाहत होते. विमानतळावरचा सामानाचा पट्टा फिरून फिरून थांबला तेव्हा माझी एकच बॅग आली होती. दुसरी तीन दिवसांनी आली, आणि कार्यालयात घालायचे सगळे कपडे नेमके तिच्यात होते. नव्या नोकरीच्या पहिल्या दिवशी मी प्रवासातलाच सदरा रात्री धुऊन, सकाळी किंचित ओलसर असतानाच घालून गेले. अशा वेळी विमानतळ सोडण्यापूर्वीच तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा आणि बॅगेच्या पट्टीचा आपल्याकडचा तुकडा जपून ठेवावा. १९९९च्या माँट्रियल करारानुसार नुकसान झालेल्या सामानाची लेखी तक्रार ते मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि उशिरा आलेल्या सामानाची २१ दिवसांत करावी लागते. विमान कंपनीच्या जबाबदारीलाही मर्यादा आहे. २८ डिसेंबर २०२४पासून ती प्रवाशामागे १,५१९ एसडीआर, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशेबी एककात मोजलेली रक्कम, एवढी आहे. दागिने, लॅपटॉप आणि मूळ कागद खालच्या सामानात टाकणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवावा. आता मी दोन्ही मोठ्या बॅगांत कपडे अर्धे अर्धे वाटते आणि हातातल्या बॅगेत चार दिवस भागेल एवढे सगळे ठेवते.

पॉवर बँक तर हातातच न्यावी लागते, कारण सुट्या लिथियम बॅटऱ्या खालच्या सामानात चालत नाहीत. १०० वॉट-तासांपर्यंतची बॅटरी सहसा चालते आणि १०० ते १६० वॉट-तासांच्या बॅटरीसाठी विमान कंपनीची परवानगी लागते. बाहेर छापलेल्या मिलिअँपिअर-तासांना ३.७ ने गुणून १,००० ने भागले की वॉट-तास निघतात, म्हणजे २०,००० ची पॉवर बँक ७४ वॉट-तासांची असते.

विजेच्या वस्तूंबद्दल मला जरा सविस्तर सांगायचे आहे, कारण तिथे मी शहाणपणा दाखवायला गेले आणि फसले. वेगवेगळ्या पिनांसाठी चांगले अडॅप्टर घेतले म्हणजे सगळी उपकरणे चालतील, अशी माझी समजूत होती. अडॅप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, व्होल्टेज तो तसेच ठेवतो. जगात बहुतेक ठिकाणी घरगुती वीज २२० ते २४० व्होल्टची असते, तर उत्तर अमेरिकेत १२० आणि जपानमध्ये १०० व्होल्टची. मी गेले तिथे १२० व्होल्ट होते. सोबत नेलेली २३० व्होल्टची इस्त्री लावली, दिवाही लागला, पण दहा मिनिटांनी तळ हाताला जेमतेम कोमट लागला. तापणाऱ्या तारेची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, त्यामुळे जवळपास निम्म्या व्होल्टेजवर उष्णता साधारण पाव होते. उलट्या दिशेने, म्हणजे कमी व्होल्टेजचे उपकरण जास्त व्होल्टेजवर लावले असते, तर ते तिथेच जळाले असते. फोन आणि लॅपटॉपचे चार्जर मात्र बहुधा कुठेही चालतात. त्यांच्या अंगावर बारीक अक्षरांत ‘१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असे छापलेले असते. ही ओळ ज्या वस्तूवर नाही आणि जी वस्तू तापते किंवा जिच्यात मोटर फिरते, ती घरीच ठेवावी. दीड किलोंची ती इस्त्री मी आईची चादर काढून आत घातली होती, हे मी तिला अजून सांगितलेले नाही.

औषधांच्या बाबतीत आपल्या सवयी उपयोगाच्या नाहीत. रोजची औषधे त्यांच्या मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत आणि चिठ्ठीत कंपनीच्या नावाऐवजी औषधाचे मूळ, म्हणजे जेनेरिक नाव असावे, कारण आपली ओळखीची नावे तिथे कोणाला ठाऊक नसतात. एका देशात सहज मिळणारी गोळी दुसऱ्या देशात गुन्हाही ठरू शकते. सर्दीच्या गोळ्यांत सापडणाऱ्या स्यूडोएफेड्रिनचे प्रमाण १० टक्क्यांहून अधिक असेल तर ते औषध जपानमध्ये नेता येत नाही. म्हणून त्या त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर यादी पाहूनच औषधे भरावीत. चश्म्याचा जादा जोड न्यावा आणि नंबर लिहून घेताना दोन बाहुल्यांमधले अंतरही लिहून घ्यावे.

कपड्यांवर लोक सर्वाधिक वेळ घालवतात आणि तिथेच सर्वांत कमी अडते. कडाक्याच्या थंडीचे कपडे तर तिथे जाऊनच घ्यावेत. ती थंडी कशी असते हे तिथल्या दुकानदारांना आपल्यापेक्षा जास्त कळते.

उरलेले सामान मागाहून पाठवण्याचा विचार करणाऱ्यांनी आकारमानाचा हिशेब आधी मांडून पाहावा. कुरिअर कंपन्या खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून त्याला बहुधा ५,००० ने भागतात आणि हा आकडा खऱ्या वजनापेक्षा मोठा असेल तर त्याचेच पैसे घेतात. माझी रजई चार किलोंची होती, पण तिचे खोके ६० गुणिले ५० गुणिले ४० सेंटिमीटर, म्हणजे हिशेबाने २४ किलोंचे झाले. रजई मागेच राहिली. जहाजाने पाठवणे घरभर सामान असेल तर परवडते, पण ते पोहोचायला आठवडे लागतात आणि तोवर त्यातले बरेचसे आपण तिथे विकत घेऊन बसलेलो असतो.

पुस्तकांपुढे मात्र माझी कसोटी लुळी पडली. एकही पुस्तक नसले तरी माझे काही अडणार नव्हते, हे मला माहीत होते; तरी तीन घेतलीच आणि त्यांचा मला पश्चात्ताप झालेला नाही. सगळेच सामान हिशेबाने भरले तर त्या खोलीत आपले म्हणून काय उरणार?

मागे ठेवायच्या सामानाची तयारी मी सुदैवाने नीट केली होती. बँकेचे ओटीपी जुन्या फोन क्रमांकावर येतात, म्हणून तो क्रमांक परदेशातही संदेश स्वीकारेल अशी सोय निघण्यापूर्वीच करून प्रत्यक्ष तपासून घेतली. घरी राहणाऱ्या वस्तूंच्या सहा पेट्या केल्या, त्यांवर क्रमांक घातले आणि कोणत्या पेटीत काय आहे याची यादी फोनमध्ये ठेवली. गेल्या महिन्यात एका जुन्या करविवरणाची प्रत हवी होती. मी आईला ‘४ क्रमांकाची पेटी, निळी फाइल’ एवढेच सांगितले आणि दहा मिनिटांत तिने कागदाचा फोटो पाठवला. पाने सरळ राहावीत म्हणून तिने फाइलच्या कोपऱ्यावर वजन ठेवले होते, आणि ते नायलॉनच्या दोरीचे भेंडोळे होते.